द गोदावरी बरोबर, मग द लोणार लेक चूक कसं?

गोदाकाठ:
भाचा दहावीला आहे, सेमी इंग्लिश. आर्टिकल्सचा सराव करताना विचारत होता की नदीला द लागतो तर तलावाला का नाही, आणि इंडियाला काही नाही पण नेदरलँड्सला द कुठून आला. गाइडमध्ये नुसती यादी आहे, नद्या, समुद्र, वाळवंटं, डोंगररांगा यांना द लावा म्हणून. पाठच करून घ्यायचं का यामागे काही लॉजिक आहे? प्लीज सोपं करून सांगा.

शब्दवेडी:
लॉजिक आहे, आणि आधी तेच शिकवा हो. नाव जर मुळात वर्णन असेल, म्हणजे त्यात किंगडम, स्टेट्स, बे, गल्फ असा साधा कॉमन नाउन असेल तर बहुतेक वेळा द येतो. द युनायटेड किंगडम, द युनायटेड स्टेट्स, द बे ऑफ बंगाल. एकाच जागेची दोन नावं घेऊन दाखवा त्याला, मुंबई युनिव्हर्सिटी म्हटलं तर द नको पण द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई म्हणताना हवाच. तसंच द गेटवे ऑफ इंडिया, पण मरीन ड्राइव्ह नुसतं. दुसरी खूण अनेकवचनाची, द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द मालदीव्ज, द हिमालयाज. रांगेला द लागतो, एकट्या शिखराला नाही, म्हणून माउंट एव्हरेस्ट आणि कळसूबाई तसेच लिहायचे.

मास्तर_सांगली:
ताई, बाकी पटलं पण तलावाचं उत्तर यातून मिळत नाही. लेक पण कॉमन नाउनच आहे की, आणि द अरेबियन सी चालतं, द थर डेझर्ट चालतं, मग लोणार लेकच का वगळायचा? तिथे वापर तसा पडलाय एवढंच, ते पाठच करावं लागतं आणि मुलाला तसं स्पष्ट सांगावं, उगाच ओढूनताणून कारण देऊ नये. वापर बदलतो पण. जुन्या इंग्रजी पुस्तकांत द पंजाब सर्रास सापडेल, आता नुसतं पंजाब. युक्रेनलाही आधी द लावायचे, १९९१ ला देश स्वतंत्र झाल्यावर तो हळूहळू गेला, तिथल्या लोकांना तो द म्हणजे आपला देश कुणाचा तरी प्रांत असल्यासारखा वाटायचा. उलट गॅम्बियाने द आपल्या अधिकृत नावातच ठेवलाय. द डेक्कन मात्र अजून तसंच आहे.

शब्दवेडी:
हो सर, तलावाचं मान्य, तो अपवाद म्हणूनच शिकवायला हवा.

पेन्सिल:
शॉर्ट फॉर्म्सचं पण बघून घ्या, परीक्षेत विचारतात. संस्थेच्या नावाची अक्षरं सुटी म्हणतो तिथे बहुतेक द लागतो, द आरबीआय, द यूएन. सलग शब्दासारखं म्हणतो तिथे सहसा नाही, इस्रो, नासा.
आणि भाच्याला ॲटलासवरून उत्तरं तपासू देऊ नका, नकाशावर नदीच्या नावापुढे द छापतच नाहीत.