लाकूड कातण्याचे लेथ मशीन विकणे आहे

बी-३०२: सर्व सभासदांना नमस्कार. माझ्याकडील लाकूड कातण्याचे, म्हणजे लाकडाचा तुकडा फिरवत ठेवून त्याला पटाशीने गोल आकार देण्याचे, लेथ मशीन विकावयाचे आहे. बेड (मशीनचा खालचा लांब पाया) बिडाचा आहे, दोन सेंटरमधील (लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या अणींमधील) अंतर १८ इंच असून त्यावर १० इंच व्यासापर्यंतचा तुकडा फिरतो. सोबत चार जबड्यांचा चक (लाकूड एका बाजूने घट्ट पकडणारी पकड), फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) आणि हायस्पीड स्टीलच्या पटाश्या मिळतील. वापर फारच कमी झाला आहे, परंतु त्यामुळे मशीन नव्यासारखे आहे असे मी म्हणणार नाही; बंद मशीनच्या बेडवर गंज चढतो आणि पुलीवर ताणलेल्या पट्ट्याला त्याच जागी बाक येतो. गंज काढला आहे, पट्टा मात्र घेणाऱ्याने बदलावा.

ए-१०४: काका, यावर लोखंडी बुश कातता येतील का?

बी-३०२: नाही. येथे पटाशी हातात धरून टूल रेस्टवर, म्हणजे पुढच्या आधारपट्टीवर, टेकवायची असते. लोखंड कापताना येणारा जोर हाताला पेलणारा नाही. त्यासाठी हत्यार घट्ट पकडून सरकवणारे कॅरेज लागते आणि ते या मशीनला नाही.

सी-२०१: मला घेण्याची इच्छा आहे. चक आणि पटाश्या वगळून केवळ मशीन कमी किमतीत द्याल का?

बी-३०२: ताई, देता येईल, पण तसे घेऊ नये असे माझे मत आहे. खुर्चीचे पाय किंवा मुठी दोन सेंटरमध्ये धरून कातता येतात. वाडगा कोरायचा तर लाकूड एकाच बाजूने पकडावे लागते आणि तेथे चक नसला तर अडचण होते. शिवाय चकाचे आटे स्पिंडलच्या (मोटरने फिरणाऱ्या दांड्याच्या) आट्यांशी जुळावे लागतात, त्यामुळे वेगळा विकलेला हा चक दुसऱ्याच्याही सहसा उपयोगी पडणार नाही.

सी-२०१: पटले. पाहायला आल्यावर काय तपासावे?

बी-३०२: प्रथम पट्टा सैल करून स्पिंडल हाताने हलवून पाहावे, खेळ (ढिलेपणा) जाणवला तर बेअरिंग गेले असे समजावे. नंतर टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) पुढे आणून दोन्ही सेंटरची टोके एकमेकांना भिडतात का, ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा किमान वेगाचा आहे, आणि जाहिरातींत नेमका तोच गाळलेला असतो. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा असा कातकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे १० इंची तुकड्याला ६०० ते ९०० फेरे पुरतात. ओबडधोबड तुकडा त्याहूनही हळू सुरू करावा. या मशीनचा किमान वेग ५०० आहे; तो १००० असता तर १० इंचांचा उल्लेख मी केलाच नसता.

चिटणीस: लिफ्टमधून नेताना मोटर आणि बेड वेगळे करावेत, ही विनंती. सामायिक खोलीत मशीन बसवण्यास परवानगी मिळणार नाही, कारण लाकडाची बारीक धूळ सर्वांच्या श्वासात जाईल.

सी-२०१: ते माझ्या स्वतंत्र शेडमध्ये राहील. रविवारी सकाळी अकराला आले तर चालेल का? चाचणीसाठी लाकूड मीच आणते.

बी-३०२: अवश्य या. लाकूड भेगा आणि गाठी नसलेले असावे. हातमोजे किंवा ओढणी नको. चेहरा पूर्ण झाकणारी ढाल माझ्याकडे आहे. तोपर्यंत मी इतर कोणालाही शब्द देणार नाही.