वाडीत माणसं राहतात अशी आठ घरं, नेट हवं म्हणणारी तीन. फायबर आणायची कशी?

सड्याकाठची

प्रश्न जरा लांब आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

आमची वाडी देवगड तालुक्यात, सड्याच्या म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या खाली, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने. 2022 मध्ये वडलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून पुण्याचं बिऱ्हाड मोडून मी इथे आहे आणि पुण्याच्याच एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करते.

घरात रेंज येते ती फक्त माळ्याच्या खिडकीत. लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि तीनेक तासांत तोही बंद पडतो. मग लॅपटॉप, पॉवर बँक, छत्री घेऊन मी सड्यावर. तिथे सगळ्या कांड्या येतात. जीएसटीच्या विवरणपत्राची 20 तारीख आणि कोकणातला जून, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मी सलग तीन वर्षं भोगते आहे. आता साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, चांगली लाईन घ्या नाहीतर पुण्याला परत या. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

पण मला निदान पुण्याची वाट आहे. शेजारच्या मुलीला नाही. ती 2025 मध्ये दहावी झाली. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश पूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. नोंदणी, पसंतीक्रम, कागदपत्रं, सगळं साइटवर. घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर आंब्याच्या बागेत. म्हणून माझा फोन घेऊन ती सड्यावर गेली. वळवाचे दिवस, चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. सड्यावर ना झाड ना छप्पर, वीज पडायची तर उभ्या माणसावरच पडणार. मी गडग्याजवळून हाका मारतेय, खाली ये, खाली ये. आणि ती वरून ओरडतेय, "थांब गे ताई, ओटीपी येवंदे!"

ती तशी उभी असलेली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता प्रश्न. बाजारातल्या केबलवाल्याची फायबर आमच्यापासून दोन किलोमीटरवर थांबलीय. तो म्हणतो आठ जोडण्या द्या, नाहीतर एकरकमी 42,000 भरा. कंपनी अर्धे द्यायला तयार आहे, पण ते माझ्या कामापुरते. वाडीत तीन घरं हो म्हणाली. बाकीच्या घरांत म्हातारी माणसं, त्यांचं म्हणणं "आमका कित्याक होया नेट?" मी एकटीने लाईन आणावी की सगळ्यांसाठी थांबावं? आणि लाईन येईपर्यंत काय करू?

सांधेवाला

ताई, मी बारा वर्षं फायबरचे सांधे जोडण्याचं काम केलंय. आधी तातडीचं सांगतो.

बाजारात मिळतो तो सिग्नल बूस्टर अजिबात घेऊ नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे आणि त्याने आसपासच्या सगळ्यांचीच रेंज बिघडते. त्याऐवजी बाहेरचा अँटेना जोडता येईल असा फोरजी राउटर घ्या, अँटेना कौलांच्या वर बांबूला बांधा आणि तोंड टॉवरकडे करा. त्याआधी फोनमध्ये बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, कोणता पकडतोय ते बघा. 700, 850, 900 मेगाहर्ट्झच्या लहरी झाडी आणि भिंतींतून बऱ्यापैकी येतात. 2300 च्या अडतात. घरात 2300 आणि सड्यावर 850 दिसत असेल तर सिमची कंपनी बदलूनही फरक पडू शकेल.

फायबरचा तुमच्यासाठी मोठा फायदा वेगळाच आहे. केबलवाल्याच्या मुख्य यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत, साधारण 20 किलोमीटरपर्यंत, मधे कुठेच वीज लागत नाही. वाडीची लाईट गेली तरी त्याच्याकडे बॅकअप असेल आणि तुमच्या घरातल्या फायबरच्या डबीला (मोडेमला) एक छोटा डीसी यूपीएस असेल, तर नेट चालू राहतं. मात्र तार आंबा-फणसाच्या फांद्यांखालून नेऊ देऊ नका. पहिल्या वादळात तुटते.

ग्रामपंचायतीतही चौकशी करा. भारतनेट योजना 2011 मध्ये मंजूर झाली (तेव्हा नाव वेगळं होतं) ती ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठीच. तुमच्या पंचायतीतली जोडणी चालू असेल तर तिथून वाडीला लाईन मिळते का ते लेखी विचारा.

पाड्यावरचा मास्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे शिकवतो. ओटीपीचं वाचून हात थांबला.

2020 मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्या वर्गात 31 मुलं होती. स्मार्टफोन चार घरांत, त्यातले दोन बाप गुजरातेत ऊसतोडीला घेऊन गेलेले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही धड्यांची मालिका लागायची, चांगली होती, पण पाड्यावर टीव्ही एकच. शेवटी मी कागदावर गणितं लिहून पाड्यापाड्याला चालत दिली. पाड्यांमध्ये डोंगर, आठवड्यातून एकदाच पोचायचो. शाळा उघडली तेव्हा हातच्याची वजाबाकी येणारी मुलं ती विसरली होती. एक मुलगी चौथीत होती, ती परत आलीच नाही. भावंडं सांभाळायला घरी राहिली.

सरकारच्याच 2017-18 च्या नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरं शहरात 42 टक्के आणि गावांत 14.9 टक्के होती. शाळा फोनवर गेली ती या पायावर.

लोकांना वाटतं तो काळ संपला. आज वर्ग फळ्यावर चालतो हे खरं, पण मुलांबद्दलचं सगळं काही ऑनलाइन आहे. आधार जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, आमच्या माहितीच्या तक्त्यांचे ॲप. रेंजसाठी मीही टेकडी चढतो. ताई, थांबलात तर आणखी एक पावसाळा जाईल. तुमच्या घरापर्यंत येऊ द्या, पण तिथेच थांबवू नका.

कोथरूडहून

सहानुभूती आहे, पण आधी स्वतःची नोकरी वाचवा. ज्यांना नको म्हणायचंय त्यांच्यासाठी तुम्ही का अडकताय?

सड्याकाठची

कोथरूडहून, ते नको म्हणतात कारण नेट म्हणजे नातवाचे व्हिडिओ एवढंच त्यांनी पाहिलंय. पेन्शनचा हयातीचा दाखला घरातून देता येतो हे काल शेजारच्या काकींना सांगितलं, तर त्या लगेच विचारायला लागल्या, तालुक्याला जावं लागणार नाही का? म्हणजे आता चार घरं झाली.

मास्तर, चौथीतल्या त्या मुलीबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमचं पटलं.

सांधेवाले दादा, एक विचारते. लाईन मी आणली आणि व्हाळाच्या अलीकडच्या अंगणवाडीच्या पडवीत वायफाय ठेवला, तर पोरांना वापरू देणं नियमात बसतं का?

सांधेवाला

पीएम-वाणी ही केंद्र सरकारची सार्वजनिक वायफायची योजना बघा. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाली. त्यात किराणा दुकानदारही सार्वजनिक वायफाय चालवू शकतो, त्याला वेगळा परवाना लागत नाही. केबलवाल्याला आधी विचारा, त्याच्या जोडणीवर हे चालतं का. आणि 42,000 चा हिशेब मागा. तार किती मीटर, खांब किती, मजुरी किती. वाडीतली माणसं खांबाचे खड्डे खणून देणार असतील तर रक्कम कमी व्हायला हवी.

सड्याकाठची

खड्डे खणायला माणसं मिळतील. जांभा आहे, पहारीचं काम, पण मिळतील. आज संध्याकाळी घरात आणि सड्यावर बँड बघून इथे लिहिते. शेजारची पोरही येतेय बरोबर, आभाळ मोकळं आहे. पुढच्या ग्रामसभेसाठी भारतनेटचा अर्ज तिच्याच अक्षरात लिहून घेतलाय.