नववीत स्थलांतरावर चर्चा घ्यायची आहे: ‘एक पाऊल पुढे’ खेळ घ्यावा का?

खडूफळा:
इयत्ता नववी, पट ४८, पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातली शाळा. मुलं बीड-लातूरची, कलबुर्गीची, पूर्व उत्तर प्रदेशातली, दोन नेपाळी, काही पिढीजात इथलीच. ‘भय्या’, ‘बाहेरचे’, ‘आमच्याकडचे’ हे शब्द सर्रास चालतात. चाळीस मिनिटांच्या दोन तासिका मिळतायत. मैदानावर सगळ्यांना एका रेषेत उभं करायचं, ‘घरी अभ्यासाला वेगळी जागा असेल त्यांनी एक पाऊल पुढे’ अशी विधानं वाचायची आणि शेवटी कोण कुठे पोचलं ते दाखवायचं, असा बेत आहे. जमेल का? आणि ‘ते आमच्या नोकऱ्या खातात’ असं कुणी म्हटलं तर?

शाळाबाह्य:
असा घेऊ नका. शेवटी मागे कोण उरणार हे वर्गाला आधीच ठाऊक असतं, तुम्ही त्यावर शिक्का मारता. पुढच्यांना धडा मिळावा म्हणून मागच्यांची गरिबी मैदानात मांडायची, हा कुठला न्याय?

त्याऐवजी चिठ्ठ्या करा. आठ भूमिका, प्रत्येकीच्या सहा प्रती. बीडहून साखर कारखान्यावर आलेल्या कोयत्याची (ऊसतोडीच्या जोडप्याची) मुलगी, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहणारी. इंदूरहून आलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरचा मुलगा. लालबागच्या चाळीतली मुलगी, जिचे पणजोबा रत्नागिरीहून गिरणीत लागले. वर्गातल्या कुणाशी हुबेहूब जुळणारी भूमिका ठेवू नका. म्हणजे तुमच्याकडे नेपाळी वॉचमनची मुलगी नको.

विधानं बारा. पावलं नकोत, वहीत बारा चौकटी; लागू असेल ती रंगवायची. विधान ठोस हवं: ‘दिवाळीनंतरही मी याच शाळेत असेन.’ ‘भाड्याचं घर बघताना आडनाव सांगितल्यावर घरमालक विचारात पडत नाही.’ ‘वडिलांना पोलिसांनी हटकलं तर त्यांना स्वतःच्या भाषेत उत्तर देता येतं.’ ‘मला आदर मिळतो’ असलं मोघम विधान टाकलंत तर सगळेच चौकट रंगवतात.

याला पंधरा मिनिटं पुरतात. मग एकच चिठ्ठी मिळालेले सहाजण एकत्र बसवा. चिठ्ठी एक, पण रंगवलेल्या चौकटी वेगळ्या निघतात. असं का झालं, यावरच खरी चर्चा होते.

गणनापत्रक:
त्याआधीची तासिका जनगणनेवर घ्या. २०११च्या जनगणनेत जन्मस्थान किंवा मागचं राहण्याचं ठिकाण वेगळं असेल तर माणूस स्थलांतरित धरला जातो. मागच्या राहण्याच्या ठिकाणावरून मोजलेला देशातला आकडा सुमारे ४५ कोटी, आणि त्यातलं सर्वांत मोठं कारण रोजगार नव्हे, लग्न! कारणांच्या यादीत ‘जन्मानंतर स्थलांतर’ हेही आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे आजोळी जन्मलेली कितीतरी ‘इथली’ पोरं त्या रकान्यात बसतात. ‘मूळचा कुठला?’ हा प्रश्न तिथेच ढिला पडतो.

गृहपाठ: घरातल्या कुणाही एका मोठ्या माणसाबद्दल तीन प्रश्न, म्हणजे कुठून, कधी, का. नाव लिहायचं नाही. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला यांतलं काही विचारायचं नाही, हात वर करून तर मुळीच नाही. नेपाळी मुलांबद्दल कुणी ‘बेकायदा’ म्हटलंच तर उत्तर तयार ठेवा. भारतात कुठेही राहण्याचा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९चा हक्क नागरिकांना आहे. नेपाळींना इथे राहण्याची, व्यापार करण्याची मुभा १९५०च्या भारत-नेपाळ करारातून मिळते. परदेशी असणं वेगळं, बेकायदा असणं वेगळं.

शाळाबाह्य:
गृहपाठाचं पत्रक चांगलं आहे, पण त्यावर थांबलात तर वर्ग ‘म्हणजे आपण सगळेच स्थलांतरित’ असं म्हणून खूश होईल आणि विषय बुडेल. साताऱ्याहून पुण्यात दिलेली सून आणि उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन मुकादमाबरोबर, म्हणजे मजूर आणणाऱ्या मध्यस्थाबरोबर, आलेली बाई एका रकान्यात बसल्या तरी त्यांच्या वाट्याला येतं ते एक नाही. चौथा प्रश्न घाला: आल्यावर कुणी कसला पुरावा मागितला? आधीची शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून नव्या शाळेत अडवणूक ही त्यातलीच. खरं तर आठवीपर्यंत हा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याचं कलम ५ तेच सांगतं. पालकांनाच काय, कितीतरी शाळांनाही हे माहीत नसतं.

पाळीप्रमुख:
नोकऱ्यांच्या वाक्यावर रागावू नका. बोलणाऱ्याच्या भावाचं काम खरोखर गेलेलं असू शकतं. वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा: कोणती नोकरी? नेमतं कोण? किती पगारावर? पोलीस भरतीला राज्याचा अधिवास (डोमिसाइल) दाखला लागतो, तो साधारण १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो; म्हणजे ती नोकरी काल आलेल्याला मिळत नाही. उरतं ठेकेदाराकडचं काम. तिथे माणूस निवडतो ठेकेदार, आणि बारा तास राबेल, ओव्हरटाइमवरून भांडणार नाही असाच निवडतो. इथवर आलं की राग कुणावर धरायचा हे मुलं स्वतःच तपासतात.

बोलणं लोकांबद्दल असेल तर चर्चा करा. समोरच्या मुलाबद्दल असेल तर तिथल्या तिथे थांबवा. आणि जौनपूरच्या मुलाकडे वळून ‘तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?’ असं विचारू नका. त्याला कुणाचा प्रतिनिधी म्हणून उभं करायचं नाही.

खडूफळा:
रेषा रद्द. गटातली चर्चा मराठीतच ठेवू का?

गणनापत्रक:
नको. चिठ्ठ्या मराठी-हिंदी दोन्हींत, गटात ज्याला जी येईल ती भाषा. कन्नड बोलणारी दोघं असतील तर चिठ्ठ्या वाटताना त्यांना एकाच भूमिकेच्या द्या, म्हणजे ती आपोआप एका गटात येतील. फळ्यावर मराठी तुम्ही लिहा. या कामाला गुण ठेवू नका. ठेवले की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात.