गृहपाठातल्या चुका खोडायच्या की राहू द्यायच्या?

खोडरबर: मुलगी पाचवीत आहे. रोज संध्याकाळी तिचा गणिताचा गृहपाठ मी बघते आणि चुकलेलं गणित खोडून पुन्हा करून घेते. वही कशी आरशासारखी! पानोपानी बरोबरच्या खुणा, खाली 'छान'. आणि गेल्या आठवड्यात चाचणीत अपूर्णांकांच्या बेरजेला २० पैकी ६. पेपर उघडला तर सगळीकडे एकच तऱ्हा: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं. हेच गणित घरी तीनदा केलं होतं हो. 'केलं होतं' म्हणजे मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली, हे आता लक्षात येतंय. नवरा म्हणतो, तू बसूच नकोस तिच्याजवळ. नाही बसले तर ती अर्ध्यावर सोडून उठते. काय करू?

खडूची_पूड: ताई, मी बरीच वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवतेय, म्हणून जरा स्पष्ट बोलते. वहीत सगळं बरोबर दिसलं की मी पुढच्या धड्याकडे वळते. ते २/५ मला वहीत दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथेच थांबले असते, कारण ही चूक कधी एकटीची नसते. मुलं वेडेपणा करत नाहीत. पूर्ण संख्या जशा मिळवायच्या तशाच इथेही मिळवतात, एवढंच. तुम्ही खोडलंत आणि मला कळायची वाट बुजली.

तेव्हा खोडू नका. एक रेघ मारून शेजारी पुन्हा करू द्या. समासात 'दोनदा सांगावं लागलं' इतकं लिहिलंत तरी मला पुरे.

आणि सोडवण्याआधी तिला विचारा, उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान? २/५ तर अर्ध्याहून लहान. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरलं, हे तिच्याच तोंडून येऊ द्या, तुम्ही सांगू नका. मग कागदाची एक पट्टी घेऊन सहा सारखे भाग पाडा. अर्धी पट्टी म्हणजे तीन भाग, एक तृतीयांश म्हणजे दोन. ५/६ ती बोटाने मोजेल. 'छेद समान करा' हे त्यानंतर आलं तरी काही बिघडत नाही.

अर्ध्यावरून उठते म्हणता, तर उठू द्या. राहिलेली गणितंही मला दिसायला हवीत.

मधला_बाक: बाई, सगळेच शिक्षक तुमच्यासारखे नसतात. माझ्या मुलाच्या वहीत खाडाखोड दिसली की 'निष्काळजी' असा शेरा, वर ते पान पुन्हा लिहायचं. मग आईबापांच्या हातात खोडरबर येणारच ना? ताई, आधी शिक्षकांना भेटा, चुका तशाच पाठवते म्हणून सांगा, नाहीतर मार लेकीला बसेल (शेऱ्यांचा म्हणतोय).

अजून एक. तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती आहे का? मला आहे. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांचा पहिली-दुसरीच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताची भीती असलेले पालक गृहपाठात वरचेवर मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. असे पालक जिथे फारशी मदत करत नव्हते, तिथे हा परिणाम दिसला नाही. वाचून माझेच कान लाल झाले. तेव्हापासून मी शेजारी आपलं काम घेऊन बसतो. अडला तर म्हणतो, मला समजावून सांग. सांगता सांगता अर्ध्या वेळा त्यालाच सापडतं. उरलेल्या अर्ध्या वेळा दोघेही अडकतो, ते वेगळं.

खडूची_पूड: भेटा म्हणतात ते खरंच. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खोडरबर: दोघांचे आभार. धास्तीबद्दल विचारलंत... आहे. तिला कळत नाही असं मला वाटत होतं.

बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, पाठवा तशीच वही. काल पट्टी केली. २/५ आणि अर्धं शेजारी ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मिळवलं आणि हरवलं कुठे?" मी उत्तर दिलं नाही, जीभ चावून बसले. दोन गणितं राहिली, एकावर रेघ आहे. समासात मी लिहायला घेतलं तर पेन्सिल ओढून घेतली आणि स्वतःच लिहिलं, 'आधी मोठं-लहान बघितलं नाही.' 'बघितलं'मधला अनुस्वार राहिलाय. तोही तसाच गेला.