अफवांवर विश्वास का बसतो? आपले अनुभव लिहा

तेरणाकाठ : २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भागात भूकंपाचे धक्के बसले आणि त्याच रात्री 'अकरा वाजता मोठा धक्का येणार' असा संदेश आमच्या भावकीच्या गटावर फिरू लागला, तेव्हा मला किल्लारीनंतरचे दिवस आठवले. ३० सप्टेंबर १९९३ नंतर जेव्हा जेव्हा अशी आवई उठे, तेव्हा आमच्या उमरगा भागात धडधाकट घरांतली माणसेही अंगणात बाजा टाकून झोपत. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगणारे शास्त्र आजही नाही, पण आजी म्हणे, "खोटं निघालं तर एक रात्र बाहेर गेली, खरं निघालं तर?" माळवदाखाली दबलेली माणसे पाहिलेल्या बाईचा हा हिशेब मला कधीच मूर्खपणाचा वाटला नाही. आपणही लिहावे.

बालाघाट : फेब्रुवारी २०२० मध्ये 'कोंबडीतून कोरोना होतो' हा संदेश पसरला. माझ्या शेडमध्ये बॉयलर कोंबड्या विक्रीला तयार होत्या, खाद्याची उधारी वाढत होती आणि व्यापारी गाडी पाठवत नव्हता. पशुवैद्यकांनी खुलासा केला तरी गिऱ्हाईक म्हणे, "सगळेच म्हणतात, काहीतरी असेलच."

शिक्षिका_परभणी : दादा, त्या 'सगळेच म्हणतात' मध्येच मर्म आहे. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९७७ साली प्रयोगातून दाखवले की पुन्हा पुन्हा कानी पडलेले विधान, खरे असो वा खोटे, अधिक खरे वाटू लागते. एकच मजकूर पाच गटांतून आला की आपण त्याला पाच साक्षीदार समजतो.

पालावरचा : १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर, ज्या गावांत माझ्या वडिलांना पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मिळाली, तिथेही ते आधार कार्ड खिशात ठेवून आणि आधी पोलीस पाटलांना भेटून जाऊ लागले. आठवडी बाजारात लहान मुलाकडे पाहून हसणेही त्यांनी सोडले.

बालाघाट : वाचून फार वाईट वाटले, भाऊ. माझे नुकसान पैशाचे होते.

वसमतकर : आमच्या काकांना गटावर चारचौघांत खोटे ठरवले की ते हट्टाने संदेशाची बाजू घेतात. म्हणून मी वेगळा फोन करून विचारतो, "काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?" मग त्या माणसाला, त्याच्या आधीच्या माणसाला विचारत मागे जातो, बहुतेक वेळा साखळी कुणाच्या तरी मेहुण्याच्या ओळखीच्या माणसापाशी तुटते आणि पुढचा संदेश काका स्वतःच आधी मला पाठवतात.