उत्तर: लेकराचे डोळे लाल दिसले की नशाच समजायची का?

ताई, तुम्ही वर लिहिलंय डोळे लाल दिसले की पोरगं नशा करतंय असं समजायचं, पण आमच्या लातूरला क्लासवाल्या अर्ध्या लेकरांचे डोळे रात्रभर जागून लालच असतात की हो. मी शिकवतो, माझा अनुभव सांगतो, रुमालाचा वास घ्या. पंक्चरचं सोल्युशन, थिनर हुंगणाऱ्याच्या बाहीला, रुमालाला वास राहतोच, नाकातोंडाभोवती पुरळ पण येतं बऱ्याचदा. आणि ही स्वस्तातली नशा म्हणून हलक्यात घेऊ नका, त्याच्यात टोल्युइन नावाचं विषारी रसायन असतं, पहिल्याच वेळी हृदय बंद पडून पोरगं जाऊ शकतं. संभाजीनगरकडं ज्याला बटन म्हणायलेत त्या झोपेच्या गोळ्या, त्याला वासबिस काही नाही, पोरगं नुसतं पेंगतंय, बोलताना जीभ जड, तिथं रिकाम्या पाकिटावरच नजर ठेवावी लागते.

आमच्याकडं नशा करणाऱ्या एका पोराला सरळ शाळा सोडल्याचा दाखला दिला हातात, मला तवाच पटलं नव्हतं. शाळेपासून 100 यार्डात तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी हाय, तरी गेटसमोर टपरी चालूच, तिला कुणी काही म्हणंना.

मारू नका लेकराला. 14446 ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन, तिला फोन लावा, फुकट हाय.