उंदराचं वीर्य गोठवल्यावर शुक्रजंतू मरतायत, लाइनचे दोनच नर उरलेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका प्रयोगशाळेत पीएचडी करते, घर निपाणीजवळ. आमच्याकडे ब्लॅक सिक्स या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांमध्ये जनुकबदल करून तयार केलेली एक लाइन आहे. पिल्लं कमी होत होत आता तिचे दोनच नर उरलेत, चार महिन्यांचे. आम्ही वापरतो त्या पद्धतीत शुक्रजंतू काढायचे तर नर मारावा लागतो. चुकलं तर लाइन संपली, म्हणून आधी विचारते.

साध्या ब्लॅक सिक्स नरांवर दोनदा सराव केला. 18 टक्के रॅफिनोज (एक साखर) आणि 3 टक्के स्किम मिल्कचं द्रावण, त्यात एपिडिडिमिसचा (वृषणाला लागून शुक्रजंतू साठवणारी नळी) शेवटचा भाग कापून शुक्रजंतू बाहेर येऊ दिले. पाव मिलीच्या कांड्या भरल्या, 10 मिनिटं नायट्रोजनच्या वाफेत धरल्या, मग बुडवल्या. 37 अंशांच्या पाण्यात वितळवून बघितलं आणि पोटात गोळा आला. ताजे असताना भोवऱ्यासारखे गरगरत होते, आता बहुतेक निपचित. एखादाच शेपूट हलवतो, तोही जागच्या जागी.

गावी म्हैस भरवायला डॉक्टर येतात, तेही नायट्रोजनच्या पिंपातून अशीच कांडी काढतात. बाबा विचारतात, "रेड्याचं टिकतंय, मग उंदराचं का न्हाई?" रेड्याच्या वीर्याला गोठताना जपायला ग्लिसरॉल चालतं, उंदराच्या शुक्रजंतूंना ते सोसत नाही. त्यातून ब्लॅक सिक्स तर गोठवायला फारच नाजूक. इतकं त्यांना सांगितलं.

आता माझी अडचण. सेंट्रिफ्यूज करूनही माझं द्रावण जरा गढूळच राहिलं होतं. दुधाचे कण नडले असतील का? तुम्ही किती वेळ फिरवता, नंतर गाळता का? मोनोथायोग्लिसरॉल या अँटिऑक्सिडंटने ब्लॅक सिक्समध्ये चांगला फरक पडतो असं 2008 पासून छापून आलंय, ते मागवलंय. द्रावण करून ठेवतानाच घालायचं की त्याच दिवशी?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वितळवल्यावर मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या (शुक्रजंतूच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल काढणारा पदार्थ) माध्यमात ठेवून मग आयव्हीएफ कुणी केलंय का? हालचाल इतकी कमी असताना बीजांडं फळली का? स्वतः करून बघितलेल्यांनी सांगा, पेपर मी वाचलेत.

एथिक्सची परवानगी हातात आहे. नायट्रोजन गुरुवारी येतो, त्याच दिवशी पहिला नर घेणार. दुसऱ्याला तुमची उत्तरं येईपर्यंत हात लावत नाही.